चंद्रभान निखारे, अपक्ष

१० मार्च
संकल्प: यंदा लोकसभेत जायचंच. आजवर पाच वेळा अपक्ष उभा राहिलो, पाचही वेळा अनामत जप्त. म्हणजे आता लोक ओळखतात. आपल्या मतदारसंघाचा इतिहासही लिहायला घेतला आहे. पहिलं प्रकरण: पहिल्या निवडणुकीपासून माझ्यापर्यंत. दुसरं: मी.

१४ मार्च
गोपिकेच्या डोळ्यांपुढे धुकं येतं म्हणे. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, ऑपरेशन लवकर करा, उशीर नको. डॉक्टरांना सगळ्याचीच घाई. मतदानानंतर करू. ऐन प्रचारात उमेदवाराची बायको डोळ्याला पट्टी बांधून बरी दिसत नाही.

२६ मार्च
अर्ज भरला. एका मोठ्या पक्षाचा उमेदवारही चंद्रभान निखारेच निघाला. आमच्याच समाजाचा, कोष्टीपुऱ्यातला वकील. नावाची नक्कल झाली याचं वाईट वाटलं. पण सिनियर मीच.

३१ मार्च
निशाणी मिळाली: फुलकोबी. संध्याकाळी संजीवभाऊ नावाचे गृहस्थ घरी आले. जीप, पत्रकं, सगळं तेच बघणार. का, विचारलं तर म्हणाले, "काका, तुमच्यासारखा माणूस दिल्लीत पायजेच." पत्रकावर नाव केवढं तरी मोठं, फोटो नाही, फुलकोबी बारीक. सभा घेऊ नका म्हणाले. बरोबर आहे. मोठ्या माणसाचं नावच पुरतं.

६ एप्रिल
दीप्ती सासरहून आली. म्हणे, "बाबा, तो संजीवभाऊ विरोधी पार्टीचा माणूस आहे. वकिलाची मतं फोडायले तुमचं नाव वापरून राह्यला." पोरीला राजकारण कळत नाही. आईला दवाखान्यात नेते म्हणाली. मी नाही म्हटलं. कार्यकर्ते आले तर चहा कोण करणार? गोपिकाच तिला म्हणाली, "राहू दे वं, दिसते मले थोडंथोडं."
कार्यकर्ते आज आले नाहीत.

१९ एप्रिल
मतदान. गोपिकेला हात धरून बूथवर नेलं. आत एकटीच गेली. मशीनपाशी बराच वेळ लावला. नवऱ्याचं नाव डोळे भरून बघत असणार.

९ मे
संजीवभाऊंचा फोन लागत नाही. कामात असतील. ऑपरेशन निकालानंतर. खासदाराच्या बायकोकडे डॉक्टर जास्त लक्ष देतील.

४ जून
हजारोंनी मतं! वकील पडले, तेही मला मिळालेल्या मतांपेक्षा कमी फरकानं. म्हणजे खासदार कोण, हे मी ठरवलं. इतिहासाला तिसरं प्रकरण लागणार. टीव्हीवाले 'नामसाधर्म्याचा फटका' म्हणून राहिले. जळतात. शेजारच्या बबनरावांना पेढा द्यायला गेलो, त्यांनी दार लावून घेतलं. ऊन फार होतं.

११ जून
गोपिकेला दवाखान्यात नेलं. डावा डोळा गेला. उजव्यातलं गेलं ते परत येत नाही, उरलेलं टिकवता आलं तर बघू म्हणाले. "मार्चनंतर काहून नाही आले?" डॉक्टरांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "घरी काम होतं."
परतताना ऑटोत तिला म्हटलं, बाकीची मतं चुकून पडली म्हणतात लोक, पण तुझं एक तर खरं माझं.
ती म्हणाली, "मले वकिलालेच द्यायचं होतं. फोटो दिसले नाही. नावासारखं नाव दिसलं, दाबलं. कोणाले गेलं, मले नाही माहीत."
ऑटो सिग्नलला थांबला. कोणता चौक आला, तिनं विचारलं.
व्हेरायटी चौक, मी सांगितलं.