चाळ सोडल्यावर

शिल्पा,

तू उठायच्या आत निघतो, म्हणून लिहून ठेवलं.

घोडीनं रात्रीचा दाणा बी तसाच ठेवलाय. मान खाली घालून नुसती उभी हाय. डॉक्टर म्हणले ताप न्हाई, दात चांगले हायत, अशक्त हाय तेवढी. काल जळकोटला गेलो अन् ज्या वरातवाल्याकडून तिला सोडवून आणलं, त्याच्या गड्याला विचारलं. त्यानं सांगितलं, वरातीत नाचून आली की पायातले घुंगरांचे चाळ सोडायचे, मगच दाण्याचा तोबरा द्यायचा. लहानपणापासून तीच सवय. आपण आणल्या दिवशीच चाळ काढून खुंटीला टांगले. तिला वाटत असंल, वरात अजून व्हायची हाय.

आज तिला चाळ बांध. फाटकापर्यंत हळू चालवून आण, नाचवू नको. मग तिच्यासमोर चाळ सोड अन् भिजवलेले हरभरे पुढं ठेव. खाईस्तवर जवळ थांब, पण अंगावर ओरडू नको. पुढं ही सवय आपण हळूहळू मोडू.

भाकरी दुरडीत हाय. पिठलं मी केलंय, खारट असंल.

मी उमरीला चाललो. तुझ्या सासरी बसणार न्हाई. तुझी शिलाई मशीन अन् कपड्याची पेटी टेम्पोत टाकून आणतो. यायला संध्याकाळ होईल.

घोडीनं तोंड घातलं की तू बी जेव. माझं जेवण व्हायची वाट बघत बसतीस, ती रीत तिकडची हाय.

अण्णा