दगडावरची ओळ बदलण्याविषयी

मी, शेवटी सही करणारी, वय सेहेचाळीस, अविवाहित, पाणीपुरवठा विभागाच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट दोघांनी 'असलं काही लिहू नकोस' म्हणून विनवले आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. मी पूर्ण शुद्धीत असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला आहे. मसुद्याची पहिली दोन पाने वाचून ते म्हणाले, "शुद्धीत आहात हे लिहून देतो. चिडलेल्या आहात हेही लिहू का?" त्याची गरज नाही. ते पुढे दिसेलच.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. आईकडून मला मिळालेले राहते घर, म्हणजे खालच्या तीन खोल्या, गच्चीवरची खोली आणि मागचे अंगण, माझ्यामागे माझ्या चुलतबहिणीला मिळावे. मात्र तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या काकांना, हयातभर या घरात राहण्याचा हक्क राहील. खिडकीजवळचे त्यांचे टेबल कोणी हलवू नये. मी एकदा झाडण्यासाठी हलवले होते; त्याचे मला अजून ऐकावे लागते.

काकांविषयी इथेच सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. वडील गेल्यावर त्यांनीच आम्हा दोघा भावंडांना वाढवले. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाले ते छापखान्यातून, लाल पेनातून नाही. या घरातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून जातो. दूधवाल्यासाठी ठेवलेल्या चिठ्ठीतही त्यांनी एकदा स्वल्पविराम घातला होता. दूधवाल्याने त्या दिवशी दूधच दिले नाही, पण तो योगायोग असावा.

२. शिल्लक. बँकेत जे असेल त्यातून दवाखान्याचे बिल भागवावे. उरेल ते गच्चीच्या खोलीत राहणाऱ्या, परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या दोघी मुलींच्या फीसाठी द्यावे. त्यांनी आभार मानायला समारंभ करू नये. या घराने समारंभ खूप पाहिले. स्कूटर चुलतबहिणीला, ब्रेक सैल आहेत, हे तिला आधी सांगावे.

माझ्या रोजनिश्या कोणी वाचू नयेत. त्यात बहुतेक पाण्याचे नमुने, पावसाळी चिडचिड आणि काकांशी झालेली भांडणे आहेत. भांडणांत माझी बाजू जरा जास्तच सविस्तर आली आहे. ते योग्य नाही, म्हणूनही त्या नष्ट कराव्यात.

३. पदक. माझा धाकटा भाऊ सैन्यात कॅप्टन होता. सव्विसाव्या वर्षी एका डोंगरधारेवरच्या लढाईत मारला गेला. जखमी सहकाऱ्यांना गोळीबारातून खाली आणल्याबद्दल त्याला मरणोत्तर शौर्यपदक मिळाले. ते पदक चुलतबहिणीकडे राहावे. वसाहतीच्या स्मृती समितीला ते काचेच्या पेटीत हवे आहे, देऊ नये. कोणी पाहायला मागितले तर हातात द्यावे. वजन कळते.

समितीच्या पुस्तिकेत लिहिले आहे की, घरात सारे त्याला लाडाने 'राजा' म्हणत. त्याला कोणी कधी राजा म्हटले नाही. तो लहानपणी गोलमटोल होता आणि आम्ही त्याला ढब्बू म्हणायचो. गणवेशात पहिल्यांदा घरी आला तेव्हाही आईने दारातून हाक मारली, "ढब्बू, बूट बाहेर काढ." पुस्तिकेचे मुद्रित काकांनी तपासले होते; 'राजा' त्यांनीच घातले. मी विचारल्यावर म्हणाले, "ढब्बू छापायचं? सव्वाशे माणसांपुढे?"

४. दगड. या मृत्युपत्राचे मुख्य कारण हेच.

घराच्या पुढच्या भिंतीत, फाटकाच्या उजव्या हाताला, काळा दगड बसवलेला आहे. त्यावर भावाचे नाव, हुद्दा, पदक, आणि खाली एक ओळ आहे: 'भय हा शब्दच ज्याला ठाऊक नव्हता.' ओळ काकांची.

ती खोटी आहे. ढब्बूला भय हा शब्द चांगला ठाऊक होता. तो पालीला भ्यायचा, इंजेक्शनला भ्यायचा, फुगवत असलेल्या फुग्याला भ्यायचा. तेव्हा संडास अंगणाच्या पार टोकाला होता. तिथे जायचे तर मला बाहेर उभे राहावे लागे.

"ताई, गेलीस का?"

"नाही रे बाबा."

"मग गप्प का? बोलत राहा ना."

"काय बोलू?"

"काहीपण. पाढे म्हण."

मी तेराचा पाढा सुरू करायचे आणि मध्येच मुद्दाम थांबायचे. मग आतून जो आरडाओरडा व्हायचा, तो शेजारच्या गल्लीत ऐकू जाई.

तो गेल्यानंतर काही महिन्यांनी त्याच्या तुकडीतला वायरलेसवाला कुबड्या घेऊन आमच्याकडे आला. ढब्बूने दोघांना खाली आणले होते. तिसऱ्या फेरीत याला आणायला तो पुन्हा वर गेला. याला खडकाच्या आडोशाला पोचवले आणि तिथेच त्याला गोळी लागली. आई तेव्हा होती. आम्ही सगळे जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. वायरलेसवाला खाली मान घालून बोलत होता.

"साहेब आले. मी म्हटलं, साहेब, जावा तुम्ही, मला राहू द्या. तर म्हणाले, 'मला भीती वाटतेय रे. तू बोलत राहा, म्हणजे मी चालत राहीन.' आता गोळीबारात मी काय बोलणार? घराचं बांधकाम चाललं होतं माझ्या. सिमेंट महागलंय, गवंडी फसवतोय, हेच सांगत राहिलो. साहेब मधूनच म्हणायचे, 'मग? पुढे? गप्प का झालास?'"

आई उठून आत गेली. मी बसून राहिले. लष्कराचे पत्र आले होते, शवपेटी आली होती, भाषणे झाली होती. पण तिकडे मेला तो आमचाच, हे मला त्या वाक्याने कळले.

पुस्तिकेत वायरलेसवाल्याची आठवण छापली. त्यातून हे वाक्य गायब होते. मी काकांना विचारले तर म्हणाले, "जागा नव्हती." त्याच पानावर समितीच्या अध्यक्षांचा सहकुटुंब फोटो होता. मग दगड आला. तेव्हापासून दरवर्षी स्मृतिदिनी फाटकासमोर खुर्च्या मांडतात, कोणीतरी ती ओळ माईकवरून मोठ्याने वाचतो, आणि मी पहिल्या रांगेत बसून माझ्या भावाची दुसऱ्याच कोणाशी होणारी अदलाबदल पाहते. समारंभानंतर शाळेची मुले विचारतात, "ते खरंच कशालाच घाबरायचे नाहीत?" मी एकदा 'पालीला' म्हणाले, तर त्यांच्या बाईंनी त्यांना पुढे ढकलले.

गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा मी काकांना स्पष्टच म्हणाले, ओळ बदलायची.

"दगड म्हणजे काय कच्चं मुद्रित आहे, वाटलं की बदललं?"

"चूक छापली गेली तर शुद्धिपत्र काढतात. तुम्हीच सांगायचात."

"ही चूक नाही."

"मग काय आहे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तो घाबरला होता असं कोरलंस, तर येता-जाता ते मला वाचावं लागेल. तो तिकडे घाबरलेला, आणि मी त्या दुपारी झोपलो होतो गं. पंखा लावून."

मी चहा टाकायला उठले, आणि उठले याचाही राग आला. काकांशी भांडताना नेहमी असेच होते. आपली बाजू बरोबर असते आणि शेवटी आपणच चहा टाकायला उठतो.

मी स्वतःलाही तपासले आहे. ते वाक्य मला खऱ्याच्या आग्रहाने हवे आहे, की त्यात मी आहे म्हणून? नमुन्यात दोन्ही सापडते. पण म्हणून नमुना खोटा ठरत नाही.

यास्तव माझी इच्छा अशी: काकांच्या हयातीनंतर हा दगड काढून त्या जागी नवा बसवावा. नाव, हुद्दा, पदक तेच ठेवावे. खाली कोरावे: 'मला भीती वाटतेय. तू बोलत राहा, म्हणजे मी चालत राहीन.' आणि त्याखाली: 'तिसऱ्या फेरीत, जखमी सहकाऱ्याला आणताना.' समितीला विचारू नये. भिंत आमची आहे. हे कलम पाळले नाही, तर घर चुलतबहिणीला न जाता विकून रक्कम परिचारिका विद्यालयाला द्यावी. ताई असून इतके कठोर लिहिल्याबद्दल तिने मला माफ करावे. ती तिच्या वडिलांना, ते गेल्यावरही, 'नाही' म्हणू शकणार नाही. हे कलम तिच्या वतीने 'नाही' म्हणेल.

५. वायरलेसवाला. आता त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. भावाची काळी ट्रंक त्याला द्यावी असे मनात होते, पण साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही. दोन्हींपैकी एक निवड म्हटल्यावर तो म्हणाला, "ट्रंक राहू द्या ताई. सही करतो." ट्रंक चुलतबहिणीला.

६. हे कलम आज सकाळी वाढवले आहे. मी शेवटचे पान लिहीत असताना काका टेबलाशी येऊन म्हणाले, "दे इकडे. एकदा नजर टाकतो." मी देणार नव्हते. मग दिले. त्यांनी चौथे कलम वाचले, परत मागे जाऊन वाचले. म्हणाले, "पंख्याचं कशाला लिहिलंस?"

"काढू?"

"राहू दे." मग लाल पेनाचे टोपण काढून त्यांनी 'काकांच्या हयातीनंतर' हे शब्द खोडले. "आणि तू धडधाकट परत आलीस, तर हा कागद कपाटातच राहणार. दगडाचं काय मग?"

"मग समोरासमोर भांडू."

"भांडू नकोस. पाथरवटाला बोलाव."

त्यांनी इतर नऊ ठिकाणीही खुणा केल्या होत्या. त्या मी घेतलेल्या नाहीत. मूळ मजकूर पुन्हा लिहून काढला आहे. चौथ्या कलमाचे पान मात्र होते तसेच ठेवले आहे. त्या पानावर लाल शाईने खोडलेले दोन शब्द माझ्या संमतीने खोडले असून ते या मृत्युपत्राचा भाग नाहीत. खोडलेल्या जागेजवळ माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत.

लिहून ठेवणार: (सही) कॅप्टनची थोरली बहीण

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार १: (सही) वायरलेस ऑपरेटर, निवृत्त
साक्षीदार २: (सही) कुटुंबाचे डॉक्टर

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा मंगळवार