राहिलेला फोन

प्रिय नाहीबाई,

एवढ्या वर्षांनी पत्र, आणि तेही या नावाने, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. सगळं कार्यालय हे नाव तुझ्या पाठीमागे घ्यायचं. तोंडावर घ्यायची हिंमत माझी एकट्याची होती, तेव्हा तो हक्क मी सोडणार नाही. अक्षर ओळखलं असशीलच. आमदारबाईंच्या दौऱ्याचा कागद ज्या अक्षरात भिंतीवर लागायचा तेच हे, आता जरा थरथरतं एवढंच. तुझ्याकडे माझं एक जुनं प्रकरण अडकून पडलं आहे, त्यासाठी लिहितोय. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मुद्द्यावर येण्याआधी मला चार गल्ल्या फिरून यावं लागतं. तू कानाला फोन लावलेला असताना मला हाताने "आवरा आता" अशी खूण करायचीस, ती आता इतक्या लांबून चालणार नाही.

आधी बातमी. आपलं कार्यालय बंद झालं. बाईंनी यंदा निवडणुकीला उभं राहायचं नाही असं ठरवलं. गुडघे बोलायला लागले आणि सभागृहातली भाषा ऐकवेना, असं त्या म्हणाल्या. औषधाच्या दुकानावरच्या आपल्या दोन खोल्या रिकाम्या केल्या. तुझं टेबल उचललं तेव्हा त्याच्या लंगड्या पायाखालची कागदाची घडी जागच्या जागी सापडली. ती तू घातली होतीस, आणि एवढ्या वर्षांत कुणीही ती बदलली नाही की टेबल दुरुस्त केलं नाही. खिडकी अजून तशीच होती, वाऱ्याने बाहेरून उघडायची आणि आतून आपल्या शिव्या खायची. लोकांच्या पाठी टेकून टेकून बाकामागच्या भिंतीचा रंग उडाला होता. त्या उडालेल्या पट्ट्याकडे बघून मला फार भरून आलं. केवढी माणसं बसून गेली तिथे, आणि बाईंना त्यातली निम्मी तरी भेटली असतील का कुणास ठाऊक. ती भेटायची आपल्याला.

तुला आठवतं, तू आलीस तेव्हा आपलं काम कसं चालायचं? आलेल्या प्रत्येकाला आपण "बघू" म्हणायचो. मी म्हणायचो, टपालकाका म्हणायचे, बाई तर हात जोडून म्हणायच्या. बघू म्हटलं की माणूस खूश होऊन जिना उतरायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चढायचा. तू महिनाभर हे मुकाट्याने पाहिलंस आणि एक दिवस बाईंच्या खोलीत जाऊन सांगितलंस की जे काम होणार नाही, त्याचा नकार आपण स्वतः फोन करून कळवायचा. बाई हबकल्याच. नाही म्हटलं की मत गेलं, असं त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. मी दाराशी कार्यक्रमपत्रिका घेऊन उभा होतो, म्हणून तुझं उत्तर मला शब्द न् शब्द आठवतं. "बाई, नाही म्हटलं तर माणूस चार दिवस चिडतो. ताटकळत ठेवलं तर जन्मभर विसरत नाही." नवी नोकरी, अजून कायमही झाली नव्हतीस, आणि आवाजात जरासुद्धा कंप नव्हता. माझं घोडं तिथेच अडलं ते अडलंच.

त्या दिवसापासून "बघू" हा शब्द आपल्याकडे हद्दपार झाला. काम झाल्याचा फोन कुणीही करावा, गोड बातमीला आवाज लागत नाही, असं तू म्हणायचीस. नकाराचा फोन मात्र तूच करायचीस. आधी खुर्चीत ताठ बसायचीस, केस नीट करायचीस, जणू समोरच्याला दिसणारच आहे. मग नाव घेऊन विचारपूस, मग सरळ नाही, मग नाही का ते, आणि शेवटी दुसरा एखादा रस्ता असला तर तो. पलीकडचा माणूस ओरडला तर ओरडू द्यायचीस. मी समोरच्या टेबलावर बाईंच्या नारळ फोडायच्या आणि फिती कापायच्या वेळा जुळवत बसलेलो असायचो आणि चूक करायचो, कारण अर्धा कान तुझ्याकडे असायचा. एका बापाला तू सांगितलंस की मुलीला इथल्या परिचारिका विद्यालयात जागा मिळणार नाही. त्याने खूप तोंड टाकलं. मग म्हणाला, चला, आता वाट बघणं तरी संपलं, दुसऱ्या गावी चौकशी करतो. तू फोन ठेवलास आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिलीस. लोकांना वाटायचं नाहीबाईचं काळीज दगडाचं आहे. खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या तुला त्यांनी कधी पाहिलं नाही, मी पाहिलं आहे.

आणि टपालकाकांचा तो पराक्रम! अभिनंदनाची आणि सांत्वनाची पाकिटं एकाच दिवशी निघाली आणि अदलाबदल झाली. बुद्धिबळ स्पर्धा जिंकलेल्या गृहस्थांना बाईंनी कळवलं की या कठीण प्रसंगी आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत, आणि नवरा गेलेल्या आजींना कळवलं की हे यश आपल्या अनेक वर्षांच्या चिकाटीचं फळ आहे. काकांचं तोंड पांढरंफटक पडलं, बाई डोकं धरून बसल्या, आणि सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू आजींना फोन लावलास. माफी मागत होतीस आणि मधेच थांबलीस, ओठ दाबून धरलेस. नंतर कळलं, आजी म्हणाल्या होत्या, अहो पत्र बरोबरच आहे, त्यांच्याबरोबर एवढी वर्षं काढली ती चिकाटीच. पुढचे कित्येक दिवस काका पाकीट चिकटवण्याआधी मला दाखवून घ्यायचे.

काका आता थकलेत, ऐकू कमी येतं, पण शेवटच्या महिन्यात ते रोज जिना चढून आले. कारण बाईंनी फर्मान काढलं. खोल्यांना कुलूप लावायच्या आधी आपल्या दारी आलेला एकही माणूस उत्तराशिवाय राहता कामा नये. ज्याचं होईल त्याचं करा, ज्याचं होणार नाही त्याला कळवा. तुझी पद्धत, आणि तू नाहीस. तेव्हा नकाराचे फोन माझ्या गळ्यात पडले. माझी काय दैना झाली म्हणून सांगू! पहिल्याच माणसाशी मी एवढं गोल गोल बोललो की त्याला वाटलं काम झालं, आणि त्याने माझे आभार मानले. पुन्हा फोन करावा लागला. मग मी तुझ्यासारखा ताठ बसलो. केस नीट करायला आता फारसे उरले नाहीत, तरी केले. त्यानंतर जमायला लागलं. एवढी वर्षं मी समजत होतो की तुला नाही म्हणायची कला सहज येते. तिला किती बळ लागतं ते तेव्हा कळलं.

सगळे फोन संपले त्या दुपारी काकांनी मोठ्याने विचारलं, कुणी राहिलं का? मी म्हटलं, कुणी नाही. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ऐकू कमी येतं, दिसतं मात्र अजून चांगलं.

मग निरोपसमारंभ झाला. मोठमोठी माणसं बोलली, बाईंनी बांधलेले पूल आणि शाळा मोजून दाखवल्या. बाई उठल्या आणि म्हणाल्या की पुलाचं मला फारसं कळत नाही, माझ्या कार्यालयाचं सांगते. आणि आम्हाला उभं राहायला लावलं. काका कानकोंडे झाले, ड्रायव्हर खांबाआड लपला तर त्याला नावाने हाक मारली. मग त्या म्हणाल्या, "मी भाषणं केली. लोकांना उत्तरं या लोकांनी दिली. आणि नाही कसं म्हणायचं हे मला जिने शिकवलं, ती आज इथे नाही." टाळ्या वाजत होत्या आणि मला समोरचं काही दिसेना. चष्म्याचा दोष नव्हता तो.

समारंभानंतर एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तुम्ही वेळापत्रक ना? हे नाव फक्त तू घ्यायचीस. तुझी धाकटी भाची होती ती. तुझ्याऐवजी आली होती, तुला एवढा प्रवास झेपत नाही म्हणाली. ती आणि तिची बहीण आपापल्या कामाच्या गावी गेल्या, तिचे वडील म्हणजे तुझे भाऊही वारले, आणि तू आता त्या घरात एकटीच असतेस, हे तिने सांगितलं. फोन वाजला की आत्या अजून उचलण्याआधी केस नीट करते, हेही सांगितलं, आणि हसली. पत्ता तिने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी मागितला होता.

आता मुद्दा. बाई दुसऱ्यांदा निवडून आल्या ती संध्याकाळ. सगळे मिरवणुकीत गेले होते, कुलूप लावायला आपण दोघंच मागे राहिलो. कार्यालयात आपण एकमेकांना तुम्ही म्हणायचो आणि जिन्यात तू, हा आपलाच नियम. त्या जिन्याच्या वळणावर मी तुला विचारलं. किल्ल्यांचा जुडगा तुझ्या हातात होता, तो तू मुठीत घट्ट धरलास, वाजू नये म्हणून. आणि म्हणालीस, "बघू." तू! जिने तो शब्द हद्दपार केला, तिने! मला इतका आनंद झाला की त्यातली गंमत तेव्हा कळलीच नाही. दुसऱ्या दिवशी तुझी वहिनी गेल्याचा निरोप आला. दोन लहान पोरी, सैरभैर झालेला भाऊ. तू रजेवर गेलीस, रजेचा राजीनामा झाला. मी तुझी वाट अडवायला आलो नाही. तू जे केलंस त्याबद्दल माझ्या मनात तुझ्याविषयी आदरच आहे. आई थकेपर्यंत मला स्थळं सुचवत राहिली, आणि मी तिला, तुझाच शब्द उसना घेऊन, बघू म्हणत राहिलो.

म्हणून हे पत्र. आपल्या दारी आलेल्या प्रत्येकाला उत्तर मिळालं, एक मी राहिलो. कार्यालयाचा तो काळा फोन बाईंनी मला निरोपाची भेट म्हणून दिला आणि खटपट करून जुना नंबरही माझ्या घरी आणून दिला. तुला तो पाठ आहे. मी विचारलेलं अजून तेच आहे, त्यात एक शब्दही बदललेला नाही. म्हातारपणी काय हे, असं वाटत असेल तर तसं सांग. आपल्या नियमाप्रमाणे होकार असेल तर तो कुणीही कळवला तरी चालेल, भाचीने कळवला तरी. नकार असेल तर फोन तूच करायचा. पण इथेच माझी पंचाईत झाली आहे. मला सगळ्यात जास्त ऐकायचा आहे तो तुझा आवाज, आणि नियमाने तुझा आवाज आला म्हणजे नकार. तेव्हा एवढ्या एका वेळी तो नियम मोड. काहीही असो, फोन तूच कर. मी ताठ बसून, केस नीट करूनच उचलेन.

तुझाच,
वेळापत्रक