मुद्दाम चुकलेली उत्तरं

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज शाळा सुटल्यावर तुमच्याशी बोलल्याशिवाय घरी जाववेना. मी आता मोखाड्याकडच्या एका पाड्यावर शिकवते. आमच्याकडे टॅबलेट आलेत. त्यावर मुलांची चाचणी होते आणि प्रत्येकाला प्रश्न वेगळा. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न जरा अवघड, चुकलं की सोपा. प्रशिक्षणात साहेब हे इतक्या कौतुकाने सांगत होते की मला हसूच आलं. पोशेऱ्याच्या शाळेच्या ओट्यावर तांदूळ निवडता निवडता माझी तोंडी परीक्षा घेताना तुम्ही दुसरं काय करत होतात? माझं तोंड कोरडं पडलेलं दिसलं की भागाकार सोडून थेट आमच्या घरच्या कोंबड्यांवर यायचात. "घाबरून गप्प बसलीस, त्याला मी 'येत नाही' म्हणणार नाही," असं एकदा रागावला होतात. ते रागावणं आठवलं की मला अजून धीर येतो.

परवा त्या टॅबलेटने माझ्या पाचवीतल्या सगळ्यात चलाख मुलीला दुसरीच्या पातळीवर नेऊन ठेवलं. पातळीप्रमाणे गट पाडायचे, गट वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचे आणि वर्षभर त्याच गटाचा अभ्यास, असा नियम. म्हणजे ही पोर वर्षभर हातच्याच्या बेरजा करत बसणार! मी यंत्राला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. मग तिला जवळ बसवून विचारलं. आधी नखं कुरतडत राहिली, मग म्हणते, "बरोबर दिला तं अवघड येतं, मॅडम. चुकला तं तिच्यासारखं सोपं येतं. मंग आमाला एकाच खोलीत बसवशाल ना?" ती म्हणजे तिची मैत्रीण. आईबापाबरोबर वीटभट्टीवर जाऊन आलेली, शिकलेली अक्षरंही विसरलेली, त्यामुळे त्याच खालच्या गटात पडलेली.

मैत्रीण दारातच उभी होती, तिने सगळं ऐकलं. आत येऊन तिने हिचा दंड धरला. "येडी का तू? नीट कर. मी येन ना तुझ्या मागशी." एवढं बोलून ती स्वतःच रडायला लागली, मग ही, मग मी.

दुसऱ्या दिवशी ही पुन्हा चाचणीला बसली. प्रश्न चढत गेले. अपूर्णांकांपाशी पोचली तेव्हा मान वर करून म्हणाली, "आता खरंच नाय येत, मॅडम." ते ऐकून मला एवढं बरं वाटलं की मी तिची पाठ थोपटतच राहिले.

कागदोपत्री त्या आता दोन गटांत आहेत, बाई. पण प्रश्न जर ज्याचे त्याला वेगळेच येतात, तर मध्ये भिंत कशाला हवी? दोघींना मी एकाच सतरंजीवर बसवलंय. एक अपूर्णांक सोडवते, दुसरी बाराखडी गिरवते आणि अडलं की पहिलीला कोपर मारते. हे मी वर कळवलेलं नाही. तुमचा पत्ता असता तर तुम्हाला मात्र कळवलं असतं.