पाय आपटला की येतो

१२ जून
नाही, माझा जीव वगैरे काही गुंतलेला नाही. इतकी वर्षं ठिपकेवाली कुत्री वाढवतेय. प्रत्येक पिल्लात जीव गुंतवला असता तर घरात माणसांना जागा उरली नसती. बाकीची पिल्लं गेली आणि हिरव्याला ठेवलं, ते डॉग शोसाठी. विचार करून. कोणी विचारलेलं नाही, पण लिहून ठेवलेलं बरं.
नाव ठेवलेलं नाही. जन्मल्यावर गळ्यात हिरवी फीत बांधली म्हणून हिरव्या. नाव ठेवलं की पिल्लू डोक्यावर बसतं.

१५ जून
काय काळीज आहे या पिल्लाचं! आज माळ्यावरून पातेल्यांची चळतच्या चळत माझ्या हातून पडली. यांच्या कपातला चहा निम्मा अंगावर. त्याची आई पलंगाखाली. आणि हिरव्या? सोफ्यावर चढून झोपलेला, त्याने कूससुद्धा बदलली नाही! शोमध्ये लाउडस्पीकर, टाळ्या, शेकडो कुत्र्यांचं भुंकणं. तिथे असंच पिल्लू लागतं.
हे म्हणाले, जरा जास्तच शूर नाही का गं? म्हटलं, सवय नाही ना तुम्हाला शौर्य बघायची.

१९ जून
हाक मारली तर येत नाही. स्वाभिमानी आहे. भावंडं होती तेव्हा बशी वाजवली की त्यांच्या मागोमाग यायचा. आता एकटा आहे तर अंगात मस्ती आलीय. उद्यापासून शिस्त.

२० जून
शिस्त. सकाळभर ‘बस’, ‘ये’, ‘थांब’. मान वाकडी करून माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जणू सिनेमा लागलाय. घसा बसला. माझा. शेवटी चिडून पाय आपटला, तर धावत आला आणि पायावर येऊन बसला. म्हणजे आज्ञा कळते. फक्त शब्द आवडत नाहीत. थोर कुत्र्यांचं असं असतं.

२४ जून
इंजेक्शनसाठी डॉक्टरीणबाईंकडे. तिने त्याच्या पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा टाकला. मग शिट्टी वाजवली. मग आत नेलं आणि कान तपासायच्या मशीनच्या तारा लावल्या. पडद्यावर सरळ रेघ. दुसरा कान, तीच रेघ. मी म्हटलं, मशीन बिघडलंय तुझं. तिने शांतपणे बाहेर बसलेलं एक कुत्रं आणून त्याला तारा लावल्या. डोंगर नि दऱ्या. मशीन ठीक आहे.
दोन्ही कान जन्मापासून गेलेले. ठिपकेवाल्यांत होतं असं, म्हणाली. मला शिकवतेय! शो नाही. पुढे पिल्लं तर नाहीच नाही, वेळ आली की ऑपरेशन. मग म्हणाली, काकू, घरात पाळायला मात्र गुणी आहे, ठेवून घ्या की. म्हटलं, माझ्याकडे कुत्री ठेवून घ्यायला नसतात.
बसमध्ये मांडीवर झोपला. मागची बस केवढ्याने हॉर्न वाजवत होती.
पातेली पडली तेव्हा म्हणजे... जाऊ दे.

२५ जून
निर्णय झाला. घर शोधायचं. अट अशी, माणूस मी पास करणार. मग त्याने पाय आपटून बोलवायचं. गेला त्याच्याकडे तर त्याचा. यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.
हे म्हणाले, आपणच ठेवला तर? म्हटलं, तुमचे गुडघे बघा, माझे बघा. हा चौदा वर्षं जगेल. तेव्हा त्याला फिरवायला कोण, तुमचा फोटो?
यांनी पेपर उघडला. बरोबर बोललं की पेपर उघडतात.

१ जुलै
त्याला थोडं शिकवतेय. उद्या त्या लोकांची तक्रार नको. पंजा दाखवला की बसायचं, टॉर्च लावला की अंगणातून आत यायचं, पाय आपटला की जवळ यायचं. एकेक गोष्ट दोन दिवसांत शिकला. ऐकू येणारी याच्यापेक्षा मठ्ठ होती, पण हे बाहेर बोलायचं नाही.
एक खोड फार वाईट. झोपताना माझ्या पावलावर हनुवटी ठेवतो. मी उठले की त्याला कळावं म्हणून, असं हे म्हणतात. मला वाटतं आळस. दूध उतू गेलं आज. उठले नाही. गुडघ्याला आराम हवाच होता.

४ जुलै
पहिलं गिऱ्हाईक. कॉलेजातले प्रोफेसर. फार बोलतात. बहिऱ्या कुत्र्याला काय उपयोग? नापास.

६ जुलै
जिमवाला. दंड चांगले, पण दारातूनच ‘हाय चॅम्प’ म्हणून ओरडला. नापास. हे म्हणाले, ओरडला तर याला कुठे त्रास होणार होता? म्हटलं, मला झाला.

९ जुलै
नवं लग्न झालेलं जोडपं. माणसं चांगली. पण पांढरा सोफा. नापास.
हे म्हणाले, अगं, तू सोफा बघितलास कुठे? म्हटलं, माणसांकडे बघून सोफा कळतो.

१३ जुलै
चौकातला शिंपी आला. खुर्ची दिली तर बसला नाही, सरळ जमिनीवर मांडी घातली. कौतुक नाही, अरेरे नाही. एकच विचारलं, काकू, हा झोपलेला असताना आपण खोलीतून निघून गेलो, तर जागा झाल्यावर घाबरत असेल ना?
इतक्या लोकांत हे कोणी विचारलं नव्हतं. मला राग आला.
पाय आपटून बघू का म्हणाला. म्हटलं, आता नको, त्याची झोपेची वेळ आहे. हिरव्या तेव्हा चप्पल घेऊन गोल गोल पळत होता.
तो गेल्यावर यांनी विचारलं, हा कसा वाटला? खोट सापडेना. मग हे हळूच म्हणाले, हिरव्याला आपणच ठेवायचं का? एकदाच सांग. माझं डोकं फिरलं. म्हटलं, पास! शिंपी पास! झालं समाधान? परत आला की देऊन टाका, मला विचारायला येऊ नका!

१४ जुलै
पाऊल बधिर होईपर्यंत बसून होते. वरण करपलं. काही बिघडत नाही.

१६ जुलै
ठरलं. ठेवायचा.
जीव गुंतला वगैरे नाही. राखणीला हवाच होता कोणीतरी. बहिरा राखणदार उलट बरा, उगीच भुंकत नाही. आणि चौदा वर्षं जगतो म्हणून मीही जगेन, त्यात काय? यांना संध्याकाळी सांगेन. एकदम नाही, आधी जरा बोलणी खाऊ देत.
आता डॉक्टरीणबाईंकडे ऑपरेशनची तारीख घ्यायची. येताना चामड्याचा पट्टा आणायचा. फीत किती दिवस घालणार? नावही बघावं लागेल. ऐकू येत नाही म्हणून काय झालं, माणसाला हाक मारावीशी वाटते.

१६ जुलै, संध्याकाळ
पट्टा छान मिळाला. वाढत्या अंगाचा, पुढची भोकं ठेवून घेतला.
दारात पाय आपटला. दोनदा आपटला.
हे बाहेर आले. हातात हिरवी फीत. म्हणाले, शिंपी नि त्याची बायको येऊन गेले. त्याने पाय आपटला, हिरव्या धावत गेला त्याच्याकडे. अगदी तू शिकवलंस तसा. मी म्हटलं, थोडं थांबवायचं होतं. हे म्हणाले, तूच म्हणालीस, मला विचारायला येऊ नका.
मी म्हणाले होते.
हे जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. बिघडलं असेल.

१७ जुलै
बरं झालं. घर मोकळं झालं. पातेली घासून पुन्हा माळ्यावर लावली. एक पडलं. त्याची आई पलंगाखाली पळाली.

१९ जुलै
जंताचं औषध द्यायचं राहिलंय. ते कोण देणार? उद्या जाऊन येते. औषधाचं समजावून सांगायचं आणि म्हणायचं, नियम असा आहे की पहिल्या आठवड्यात पिल्लू परत मागता येतं. असा नियम नाही. पण शिंप्याला काय माहीत? पट्टा पिशवीत ठेवलाय.

२० जुलै
गेले. दारातच शिंप्याची बायको अनवाणी पुढे आली आणि ओठांवर बोट ठेवलं. म्हटलं, बाई, बहिरा आहे तो, बँड लावा हवं तर. तर शिंपी आतून म्हणाला, तसं नाही हो काकू, जमीन हलली की कळतं ना त्याला. आत्ताच झोपलाय.
मशीन बंद ठेवून बसला होता. समोर कापलेले कपडे तसेच. हिरव्याची हनुवटी त्याच्या पावलावर. बायको हसत म्हणाली, सकाळपासून एक ब्लाउज झालेला नाही, गिऱ्हाइकं शिव्या देतायत.
नाव ठेवलंय म्हणाली. मी विचारलं नाही.
एकदा पाय आपटला असता तर उठला असता. आला असता माझ्याकडे. माझी खात्री आहे. शिंप्यानेही दिला असता, तसा माणूस आहे तो. पाय उचललाही होता.
हळू ठेवला.
औषध दिलं. पट्टा दिला. हा अजून वाढेल, म्हणाला शिंपी. म्हटलं, हो, पुढची भोकं आहेत. बाहेर पडेपर्यंत चवड्यांवर चालले. या गुडघ्यांनी.
घरी यांनी विचारलं, कसा आहे? म्हटलं, बरा आहे. आणखी काय, आणखी काय करत मागे लागले. यापेक्षा जास्त मी काही सांगणार नाही. यांना नाही आणि या वहीतही नाही.