बाटली नत्थुजीच्या हातची

मुक्काम भातकुली
भाद्रपद वद्य षष्ठी, सन १९३४

तीर्थस्वरूप भगवंतराव मामांच्या सेवेशी,

भाचा जानराव आपल्या पायांवर डोके ठेवतो. (पाय अकोल्याला आणि डोके भातकुलीला असल्यामुळे सध्या कागदावरच ठेवले आहे.) आपली कंबर, मळ्यातल्या विहिरीचे पाणी आणि शेजाऱ्याशी चाललेला शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, तंटा, तिन्ही कशी काय आहेत ते कळवावे. मामींची खुशाली मात्र विचारत नाही, कारण ती तुमच्या कालच्या पत्रात आली आणि वाचल्यापासून मला अन्न गोड लागलेले नाही. अकरा दिवस झाले, ताप उतरत नाही, दुपारनंतर बडबडतात. तिथल्या डॉक्टरांनी मुदतीचा ताप (टायफॉइड) म्हणून सांगितले, ते बरोबरच आहे. आणि मामी त्यांचे औषध थुंकून टाकतात व म्हणतात, "मले माह्या जानरावच्याच हातचं पायजे, दुसऱ्याचं अमृत बी नोको." तुम्ही लिहिता की तू ये आणि तुझ्या हाताने दे.

मामा, मी येतो. पण येण्याआधी ह्या हाताची खरी हकीकत तुम्हाला सांगणे भाग आहे. दोन वर्षे मी तुम्हाला दवाखाना उत्तम चालला आहे असे लिहीत आलो. तो उत्तमच चालला आहे. फक्त तो माझा नाही, नत्थुजीचा आहे.

नत्थुजी म्हणजे माझा कंपाउंडर. तसे म्हणण्यापुरताच. मूळचा तो फुलमाळी, गावाबाहेर त्याचा झेंडूचा वाफा आहे, आणि मी त्याला फक्त बाटल्या धुवायला ठेवले होते. (इथे रोगी आपापली बाटली घरून आणतो. तिच्यात आदल्या दिवशीपर्यंत घासलेट, एरंडेल किंवा गाईचे औषध असते, आणि तिला बूच म्हणून दाणे काढलेल्या कणसाचा बुरकुंडा असतो.) पन्नाशी उलटलेला, एकटा, बोलायला अगदी कमी. त्याच्याविरुद्ध माझी एकही तक्रार नव्हती, आणि खरे म्हणजे आजही नाही, हेच तर दुःख आहे.

झाले असे की पहिल्याच पावसाळ्यात शालिकराम नावाच्या एका शेतकऱ्याला हिवताप आला. मी तीन दिवस त्याला क्विनाइन दिले. चौथ्या दिवशी औषधांचे पार्सल सोडवायला मला बडनेऱ्याला जावे लागले, म्हणून मी बाटली भरून, मात्रेची कागदी पट्टी चिकटवून ठेवून गेलो आणि ती नत्थुजीने शालिकरामाला दिली. त्या दिवशी ताप गेला. तो जाणारच होता, पुस्तकात तसे छापलेले आहे. पण शालिकरामाने पुस्तक वाचलेले नाही. त्याने पारावर बसून सांगितले की डॉक्टरच्या हातानं तीन दिवस काईच झालं नाही, नत्थुजीनं एकदा देल्ली अन् घाम सुटला. झाले. नत्थुजीच्या हाताला गुण आहे हे गावाने त्याच संध्याकाळी ठरवून टाकले.

तेव्हापासून माझ्या दवाखान्याची रीत अशी आहे. मी नाडी पाहतो, जीभ पाहतो, छातीला नळी लावतो, औषध घोटतो, बाटली भरतो आणि टेबलावर ठेवतो. रोगी तिला शिवत नाही. मी हातात द्यायला गेलो तर दोन्ही हात पाठीमागे नेतो. मग नत्थुजी येतो, धोतराला हात पुसतो, (पुसू नये म्हणून मी हजारदा सांगितले) बाटली उचलतो आणि देतो, की रोग्याच्या चेहऱ्यावर लगेच निम्मा आराम दिसतो. एकदा नत्थुजी दोन दिवस बहिणीकडे गेला, तर माझ्या टेबलावर अकरा बाटल्या ओळीने उभ्या होत्या आणि अकरा रोगी बाहेर लिंबाखाली कण्हत बसले होते. मी बाहेर जाऊन विनवण्या केल्या. एक म्हातारी मला म्हणाली, "तू काहून जीव काढून राहिला बाबू, तो येईन ना परवा."

सुईची कथा तर सांगवत नाही. सुई टोचण्याआधी मी ती अर्धी घटका उकळतो. उकळून झाली की माणिकबाई नावाच्या एका रोगी बाईचे म्हणणे, नत्थुजीने तिला एकदा बोट लावावे. त्याने लावले. मी पुन्हा उकळली. तिने पुन्हा लावायला सांगितले. असे तीनदा झाले, रॉकेल संपले, तेव्हा तडजोड निघाली की नत्थुजीने सुईच्या डबीच्या झाकणाला हात लावावा. आज दीड वर्ष तेच चालू आहे आणि झाकणाचा रंग उडाला आहे. पुंजाराम नावाच्या गावकऱ्याची दाढ मी काढली, दोन्ही हातांनी, अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या, नत्थुजी नुसता त्याचे डोके धरून उभा होता. दाढ निघाल्यावर रक्ताची गुळणी टाकून पुंजाराम उठला आणि नत्थुजीच्या पाया पडला. माझ्याकडे त्याने दाढ मागितली.

मी उपाय केले नाहीत असे समजू नका. एका मंगळवारी मी नत्थुजीला कामावरून काढून टाकले. तो "बरं" म्हणाला आणि गेला. बुधवारी सगळे रोगी शहाण्यासारखे माझ्या हातून बाटल्या घेऊ लागले, म्हणून मला इतका आनंद झाला की मी दुपारी जेवायला गोड केले. संध्याकाळी नत्थुजी तक्रार घेऊन आला. सगळे लोक बाटल्या घेऊन त्याच्या वाफ्यावर गेले होते, त्याच्या हातात देऊन परत घेत होते, आणि त्यांच्या पायांखाली झेंडूची दोन सऱ्या रोपे तुडवली गेली होती. गुरुवारी मी त्याला परत ठेवले. मागे मला स्वतःला ताप आला तेव्हा मी माझ्या हाताने औषध घेऊन माझ्या पायांवर उभा राहिलो, म्हटले आता तरी डोळे उघडतील. गावाने चौकशी केली आणि तो पेला नत्थुजीने धुतलेला होता असे निघाले.

हे सगळे हसण्यासारखे आहे हे मला कळते, मी एरवी हसतोही. पण तुमचे पत्र आल्यापासून हसू येत नाही. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि मामींनी मला ज्या हातांनी भरवले ते हात आता कसे दिसत असतील ते मला डॉक्टर असल्यामुळे पत्र वाचूनच कळते. मुदतीच्या तापाला औषध नाही, मामा. माझ्याजवळ नाही आणि अकोल्याच्या डॉक्टरांजवळही नाही. तिसरा आठवडा निघाला तर माणूस निघतो. मी जी बाटली देणार तिच्यात पोटाला थंडावा आणि थोडा संत्र्याच्या सालीचा वास, एवढेच असणार. म्हणजे उरला तो हात, आणि माझ्या हातावर ह्या गावातल्या शेंबड्या पोराचाही भरवसा नाही. तेव्हा तिथल्या डॉक्टरांना माझ्यासाठी बंद करू नका, हात जोडून सांगतो. मला भीती वाटते आहे.

आज पुंजारामाच्या पाठीचे गळू कापायचे आहे, ते थांबणारे नाही. उद्या सकाळी बैलांच्या दमणीने बडनेरा आणि तिथून आगगाडीने दुपारपर्यंत अकोला. हे पत्र इथल्या सहदेवजवळ देतो, तो आजच बैलगाडीने बडनेऱ्याला जाऊन रात्रीच्या आगगाडीने तिकडे येतो आहे.

आपला आज्ञाधारक,
जानराव

ता. क. खरे म्हणजे हेच लिहायला बसलो होतो आणि चार पाने लाजेत गेली. मी नत्थुजीला सोबत आणतो आहे. मामींना मात्रा देताना ती त्याच्या हातून जावी असा माझा विचार आहे. मामींनी विचारले तर तुम्ही सांगा की जानरावचाच माणूस आहे. माझा ह्या गोष्टीवर काडीचाही विश्वास नाही. पण काही करायचे राहून गेले असे मला नंतर वाटायला नको. हे कोणाजवळ बोलू नका, विशेषतः तिथल्या डॉक्टरांजवळ.

ता. क. दुसरा. सहदेव बैल जुंपतो आहे तेवढ्यात लिहितो. नत्थुजीला आत्ता सांगितले. तो बाटल्या धूत होता, धुता धुता खाली बसला आणि म्हणाला, "माह्या हाताले काई गुण नाही, डॉक्टरसाहेब. माही मनकर्णा ह्याच तापानं गेली. नव दिवस मीच पाजत होतो, ह्याच हातानं." दोन वर्षांत त्याने बायकोचे नाव माझ्याजवळ काढले नव्हते. मी म्हटले, मग तू गावाला रोज बाटल्या कशाला देतोस. तो म्हणाला, "औषध तुमचं असते म्हून देतो. थे लागू पडते, मी पाहून राहिलो ना." मामा, सबंध भातकुलीत माझ्या औषधावर विश्वास असलेला एकच माणूस आहे आणि तो बाटल्या धुतो. तरी तो येतो आहे, धोतराचा जोड बांधून ठेवलाही त्याने. औषध मीच देईन. तो म्हणतो की तो रात्रीचा जागायला बसेल, मागे नऊ दिवस बसला होता तेव्हा त्याला माहीत आहे काय काय करावे लागते. आम्ही पोहोचेपर्यंत मामींना पाणी उकळून, निववून, घोट घोट तुम्हीच पाजत राहा.