गाडी आली का?

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांची पिकअप एकदाची दुरुस्त झाली. इंजिनाखालची रबरं, सायलेन्सर, मागच्या फाळक्याची कडी, सगळं नवं. पूर्वी ती गल्लीत शिरली की पुढच्या खोलीच्या काचा थरथरायच्या, आणि बाबांची खाट त्याच खिडकीशी. दृष्टी गेल्यापासून त्यांची झोप फार सावध झाली आहे, म्हणून हा खटाटोप. मेकॅनिक म्हणाला, म्हातारीचा खोकला गेला.

पण तेव्हापासून बाबा धड जेवत नाहीत. ताट पुढे केलं की विचारतात, गाडी आली का. गाडी दारात आल्याशिवाय पानं घ्यायची नाहीत, हा आपल्या घरचा नियम. मी सांगतो, आली. ते म्हणतात, मी आंधळा झालोय, बहिरा नाही.

काल धरून बाहेर नेलं, बॉनेटवर हात ठेवला. चाचपून म्हणाले, कुणाची का असेना, चांगली ठेवली आहे.

त्यांची झोप हे निमित्त होतं आणि तो आवाज मलाच नकोसा झाला होता, असं तर नाही? मला ठरवता येत नाही. काय करू ते कळव.

तुझी माया आहेच, सोबत चार शिव्या पाठवल्यास तरी चालतील.

तुझा,
धाकटा

११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शिव्या भेटीत देईन. शहाण्या, आई तो आवाज ऐकूनच जेवण गरम करायला घ्यायची, विसरलास? जुना सायलेन्सर भंगारात गेला नसेल तर परत बसव, कडी ढिली कर. मेकॅनिक हसेल, हसू दे. आणि आल्या आल्या चावी फिरवू नकोस. बाबा इंजिन थोडं चालू ठेवून मगच उतरायचे.

माझा गुडघा पाऊल टाकू देत नाही, नाहीतर कधीच आले असते. त्यांच्यावर चिडू नकोस. स्वतःवरही.

तुझी,
ताई

२० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

जुना सायलेन्सर गॅरेजच्या मागे पडला होता. तो बसवून, कडी ढिली करून संध्याकाळी गाडी आणली. काचा थरथरल्या. तू सांगितलंस तसं इंजिन थोडं चालू ठेवलं. आत गेलो तर बाबा उठून बसले होते. म्हणाले, उशीर केलास, पानं घ्या. पोटभर जेवले. मग आई गेल्यावर इतक्या वर्षांनी तिला हाक मारून म्हणाले, आता तूही बस.

सकाळी उठलेच नाहीत.

पिकअपमधूनच नेलं त्यांना. वाटभर फाळका खडखडत होता. दाबून धरावासा वाटला, धरला नाही. परत आल्यावर शेजारणीनं पानं वाढली. गाडी दारात होती, सगळे घरात होते, तरी कुणी घास उचलेना. शेवटी मी बाहेर गेलो, इंजिन सुरू केलं, थोडं चालू ठेवलं आणि बंद केलं. मग जेवलो.

गुडघा सांभाळ. येशील तेव्हा घ्यायला हीच गाडी आणतो. तुला लांबूनच ऐकू येईल.

तुझा,
धाकटा